आवाज स्वच्छ, उत्तर दिले नाही

नगर जिल्ह्यात माझ्या मामेसासऱ्यांइतका सच्चा माणूस नाही आणि त्यांच्याइतका लबाडही नाही. सगळा जिल्हा मी तपासलेला नाही. पण दोन्हींचे पुरावे एकाच वहीत सापडल्यावर आणखी तपासायचं काय?

मामा तारखात्यातून निवृत्त झाले, बोटं मात्र अजून नोकरीवर आहेत. चहात साखर कमी पडली की ते बशीवर मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या टकटक लिपीत, टकटक करतात. मामी म्हणतात, "तोंडाला काय झालंय?" घराची बेलही मोर्समध्ये वाजली पाहिजे, नाहीतर दार उघडत नाही. सिलिंडर आणणाऱ्या गृहस्थाला त्यांनी दारात उभं करून 'गॅस' एवढी अक्षरं शिकवली. आता तो मामांच्या सगळ्या सावेडी उपनगरात तशीच बेल वाजवतो आणि बोलणी खातो. मलाही चौदा महिने शिकवून त्यांनीच हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या परवान्याच्या, परीक्षेला बसवलं. पहिल्यांदा नापास झालो तेव्हा, अपेक्षेपेक्षा चुका कमी केल्या म्हणून, पेढे दिले. शिकवायचा त्यांना कंटाळा नाही, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

दर रविवारी सकाळी साडेआठला मामा रेडिओवर आमची हजेरी घेतात. मामा सोडून आम्ही सात जण. रीत अशी, की नव्या माणसाच्या हाकेला आधी मामांनी उत्तर द्यायचं, मग बाकीच्यांनी. गेल्या वर्षी पाथर्डीकडच्या एका शाळेतल्या बाई हाक देऊ लागल्या. त्यांचा परवाना मोर्स न लागणारा, नव्या पद्धतीचा. पुस्तक वाचून परीक्षा दिलेली, छतावर अँटेना स्वतः उभारलेली. म्हणायच्या, "ऐकतंय का कुनी? माझ्या वहीत अजून एक बी नाव न्हाई. कुनी तरी उत्तर द्या, म्हंजे पहिली नोंद करते." मामा म्हणायचे, "काही ऐकू येत नाही. पुढचे?" आम्ही सातही जण गप्प. नंतर फोनवर मला सांगायचे, "हा काय एसटी स्टँड आहे, कुणीही येऊन ओरडायला?"

तरी मला वाटे, वय झालंय, खरंच ऐकू येत नसेल. म्हणून एका रविवारी दुपारी त्यांची अँटेना तपासायला गेलो. मामा आंघोळीला गेले होते आणि टेबलावर वही उघडी होती. ऐकलेली प्रत्येक हाक वेळेसकट वहीत उतरवायची, हा त्यांचा धर्म. त्या बाईंच्या अकरा नोंदी होत्या. अकराही सारख्या: 'पाथर्डी. आवाज स्वच्छ. उत्तर दिले नाही.'

मामा टॉवेलनं कान पुसत आले. "मामा, हे काय?"

"वहीत मी खोटं लिहीत नाही."

"आणि रेडिओवर बोलता ते?"

"आम्ही बोटं झिजवली. ह्यांना काय, बटण दाबलं की झालं."

"गॅसवाल्यानं किती झिजवली होती? मी नापास झालो तर पेढे दिलेत. त्या पास होऊन आल्या, तर त्यांना 'ऐकू आलं' एवढंही म्हणवलं नाही तुम्हाला."

आतून मामी म्हणाल्या, "सगळं ऐकू येतं त्यांना. माझंसुद्धा."

चहा न घेता निघालो. रागानं घरी येऊन माझी वही काढली. मी वर्तमानपत्राच्या गठ्ठ्याचंही वजन लिहून ठेवणारा माणूस. माझ्या वहीत त्या बाईंची एकही नोंद नव्हती. अकराही वेळा मी ऐकलं होतं.

बाराव्या रविवारी मामांच्या आधी मीच त्या बाईंना हाक दिली. उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. त्यांनी अँटेना उतरवली, की सेट कुणाला देऊन टाकला, कळायला मार्ग नाही. त्यांचं नावसुद्धा आम्ही कधी विचारलं नव्हतं.

हल्ली हजेरी संपली की मामा स्वतः पाथर्डीला हाक देतात. मोर्समध्ये नाही, तोंडानं. मग पूर्ण एक मिनिट थांबतात. मी घड्याळ लावून पाहिलंय. माझा राग गेलेला नाही. पण मागच्या रविवारी मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्या एका मिनिटात त्यांची बोटं टेबलावर नुसती पडून होती, टकटक नाही की काही नाही. मग त्यांनी वही ओढली आणि लिहिलं: 'पाथर्डीला हाक दिली. उत्तर नाही.'