मेलेल्या रिलेंचा डबा

आमचा दादा एकतीस वर्षं गाड्यांची वायरिंग दुरुस्त करतोय आणि त्याच्या गॅरेजात करंट तपासायचा मीटर नाही. बोनेटखाली रिलेची काळी डबी असते, दिव्यांना नि हॉर्नला करंट सोडणारी. गाडीतलं बटण दाबलं की ती आतून टिक् करते. टिक् आली तर रिले धडधाकट, दोष पुढे कुठेतरी. नाही आली तर रिले मेला. हे दादा चहा पिता पिता लांबून ऐकायचा. मीटर कच्च्या लोकांसाठी, असं त्याचं मत. समोरच्या गॅरेजवाल्याकडे मीटर आहे, म्हणून तो कच्चा.

माझी पिकअप अठरा वर्षांची. मी तिच्यातून नर्सरीची रोपं पोचवते. मंगळवारी तिचे पुढचे दिवे गेले, म्हणून दादाकडे नेली. त्याने बोनेटात डोकं घातलं.

“दाब बटण.”

दाबलं. टिक् झालं.

“मेलाय,” दादा म्हणाला आणि नवा रिले बसवला. टिक्. “हाही मेलेला!” तिसरा बसवला. टिक्. “कंपन्याच चोर झाल्यात!”

मला काच वर करून आत बसूनही ते टिक् ऐकू येत होतं.

एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. पण त्या दिवशी दातखीळच बसली. बाकावर दोन गिऱ्हाइकं होती. दादाचे कान गेले हे एकाने जरी ओळखलं, तर संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं असतं, आणि उद्यापासून सगळ्या गाड्या समोर. फळीवर त्याने बाद केलेल्या रिलेंचा डबा होता. काठोकाठ भरलेला.

मी खाली उतरले, त्याचं बोट धरलं आणि रिलेवर टेकवलं. “इथून हलवलंस तर बघ,” असं दटावून मी परत आत जाऊन बटण दाबलं.

त्याच्या बोटाखाली टिक् झाली. दादाने बोट तसंच दाबून धरलं.

“परत दाब.” दाबलं. “परत.” सात वेळा दाबायला लावलं.

मग माझ्याकडे न बघता तो गाडीखाली शिरला. दिव्यांची अर्थिंगची वायर जिथे चेसिसला जोडलेली असते, तिथला बोल्ट पार गंजला होता. त्याने तो घासला, आवळला. भर दुपारी दोन्ही दिवे लागले.

“किती दिवस झाले असतील गं?” त्याने विचारलं.

“मला काय विचारतोस? डबा बघ ना!” बोलून गेले आणि जीभ चावली. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

दादाने खरंच डबा काढला आणि बाकापाशी गेला. “तुझा रिले मागच्या महिन्यात मी उगाच बदलला,” तो पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणाला. “यातलाच एखादा असेल. मला ऐकू येत नाही.”

गिऱ्हाईक उठलं. मला वाटलं, हे चाललं समोर. ते दादाच्या कानाशी आलं आणि सगळा रस्ता ऐकेल असं ओरडलं, “हॉर्न वाजत नाही!”