संकष्टीचा चंद्र आणि आफ्रिकेचा समुद्र

मित्रहो, आज आमच्या घरातला उपास पहाटेपर्यंत लांबता लांबता राहिला.

सकाळी माझ्या पंचांगाच्या ॲपने संकष्टीचा चंद्रोदय पहाटे दाखवला. उपास बायकोचा. "म्हणजे मोदक मी पहाटे खायचे?" असं विचारून तिने माझ्याकडे पाहिलं, जणू चंद्र मीच अडवून ठेवलाय.

हे ॲप फुकट आहे. नाहूरच्या प्राजक्ताताई नोकरी सांभाळून ते चालवतात. त्याचा कोड सर्वांना खुला असतो आणि तक्रारीही तिथेच मांडायच्या. मी मांडली: "आपले चंद्रगणित सर्वथा भ्रष्ट झाले आहे."

लगेच उत्तर आलं. "काका, वाक्य झकास आहे, पण त्यावरून दुरुस्ती कशी करू? फोनमध्ये अलीकडे काय बदललंत?"

कोणी पाळत ठेवू नये म्हणून मी लोकेशन बंद केलं होतं. तसं कळवलं.

"सापडलं! लोकेशन नसलं की ॲप शून्य अक्षांश, शून्य रेखांश धरतंय; तिथे चंद्र उगवतो तेव्हा आपल्याकडे पहाट असते. तुम्ही आत्ता आफ्रिकेजवळच्या समुद्रात आहात."

"तरीच हाका मारल्या तर ऐकू येत नाही," बायको म्हणाली.

दुपारी ताईंनी दुरुस्त केलेलं ॲप तपासायला पाठवलं. आता ते आधी गाव विचारतं. मी बोरीवली निवडलं आणि चंद्र रात्रीच्या जेवणाच्या वेळेला परत आला. तसं कळवल्यावर ताईंनी लिहिलं, "थँक्यू काका. माझं लोकेशन कायम चालू, मला हे जन्मात दिसलं नसतं."

सध्या मोदक वाफेवर आहेत आणि घरात शांतता आहे. फुकटच्या ॲपवर तुम्हीही चिडत असालच. पण चिडताना, आपण आधी काय केलं होतं हे कधी सांगितलंय का?