आठ नंबरची भाची

संग्रहालयाचं निमंत्रण आलं त्या दिवसापासून आईच्या पायाला भिंगरी लागली होती. एकोणऐंशी वर्षांची बाई, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, पण सकाळी कपाट उघड, दुपारी तेच कपाट पुन्हा उघड, मध्येच बाल्कनीत जाऊन उभी राहा, आत ये आणि "मी कशाला गेले होते गं?" म्हणून मलाच विचार. आठ दिवसांत तिने चार वेळा ठरवलं की जायचं नाही आणि पाच वेळा ठरवलं की जायचंच. मी तरी कुठे शांत होते? तिच्यावर खेकसत होते आणि स्वतःही दर रात्री तिसऱ्यांदा दाराची कडी तपासत होते.

जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. तिथे 'ते सोनेरी दिवस' नावाचं प्रदर्शन भरणार होतं आणि बोर्डावर काम केलेल्या बायकांचा सत्कार होणार होता. बोर्ड म्हणजे भिंतीएवढी फळी, तिच्यात शेकडो भोकं. दिवा लागला की दोर उचलायचा, 'नंबर प्लीज' म्हणायचं आणि दोर दुसऱ्या भोकात खोचून दोन माणसं जोडून द्यायची. आईने हे एकोणीस वर्षं केलं. प्रत्येकीच्या जागेला नंबर होता आणि तोच तिचं नाव. आई आठ नंबर.

ते दिवस आईच्या तोंडून ऐकावेत. वादळात सगळं ठप्प झालं तेव्हा नऊ जणींनी सलग वीस तास बोर्ड कसा चालवला, कोणता डॉक्टर बायकोशी एका आवाजात बोलायचा आणि नर्सशी दुसऱ्या, डबे कसे एकत्र उघडायचे. "आमच्याशिवाय या शहरात पान हलत नव्हतं," ती म्हणते. खरं आहे. पण त्यांना स्वतःलाही हलता येत नव्हतं. बाथरूमला जायचं तर हात वर करायचा, सुपरवायझर बाईंनी मान डोलावली तर उठायचं आणि चार मिनिटांत परत यायचं. पाठ टेकता येणार नाही असली स्टुलं. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, बाईने लग्न केलं की त्याच दिवशी राजीनामा. पुरुषांना हा नियम नव्हता, हे सांगायची गरजच नाही.

माझ्या आईने लग्न केलं आणि राजीनामा दिला नाही.

बाबा जहाजावर होते, वर्षातून दोन-तीन महिने यायचे, त्यामुळे नवरा लपवणं सोपं गेलं. मी जरा अवघड होते. ओळखीच्या डॉक्टरने काविळीचं सर्टिफिकेट दिलं, चार महिन्यांची रजा मिळाली, आणि मी जन्मले ती मावशीच्या घरी. तिथेच वाढले. आई दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि रोज संध्याकाळी यायची. घरात ती 'आई', उंबऱ्याबाहेर 'मावशी', आणि जिला खरोखर मावशी म्हणायचं तिला चारचौघांत 'आई' म्हणायचं. चार वर्षांच्या पोरीला हे पाठ होतं. पाढे नंतर शिकले.

एकदाच चुकले. सहा वर्षांची असेन. मावशीबरोबर एक्स्चेंजवरून जात होते आणि नेमकी पाळी सुटली. फाटकातून बायकांचा घोळका बाहेर आला, त्यात ती दिसली, आणि मी जीव खाऊन ओरडले, "आई!" कुणी वळलं नाही. वळणार कोण? त्या घोळक्यात कुणाची आई असायलाच बंदी होती. सात नंबर तेवढी थांबली आणि हसत म्हणाली, "कोणाची गं ही?" आई म्हणाली, "बहिणीची." सात नंबरने पर्समधून गोळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि दोघी हातात हात घालून बसस्टॉपकडे निघून गेल्या.

ही सात नंबर म्हणजे आईची जिवाभावाची मैत्रीण. उडत्या पाखराची पिसं मोजणारी बाई, पण शेजारी बसून एकोणीस वर्षांत तिला माझा पत्ता लागला नाही. एक्स्चेंज स्वयंचलित झालं, बायका घरी गेल्या, बारा वर्षांची मी आईकडे राहायला आले, पण सात नंबरसाठी मी भाचीच राहिले. दर रविवारी तिचा फोन यायचा. मी उचलला की म्हणायची, "भाची का गं? मावशीला दे. आणि ऐक, आजकाल पोटची पोरं विचारत नाहीत, तू बघतेस हो तिला. पुण्यवान आहेस." मी 'हो' म्हणायचे आणि फोन आईच्या हातात जवळजवळ आपटायचे.

"का सांगत नाहीस?" असं विचारलं की आईचं उत्तर ठरलेलं. "पेन्शन बंद करतील." तो नियम रद्द होऊन तीस वर्षं झाली, पेन्शनला कुणी हात लावणार नाही, हे मी तिला कागद आणून दाखवलं. तिने कागद वाचला, चष्मा पुसला आणि कपाट उघडायला गेली.

मला एकच हवं होतं. त्या इमारतीत, त्या बायकांसमोर तिने एकदा म्हणावं, ही माझी मुलगी. त्रेपन्नाव्या वर्षी असला हट्ट शोभत नाही, कबूल. निघायच्या दिवशी टॅक्सीत मी तिला सरळ सांगितलं, "आज म्हणाली नाहीस तर परत कधी विचारणार नाही." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हणेन."

दारात बिल्ले वाटणारी एक हसरी पोरगी होती. सगळा कार्यक्रम तिनेच आखला होता. "या कोण, आजी?" तिने विचारलं.

"माझी भाची," आई म्हणाली.

जित्याची खोड! मी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला. "सवयीने गेलं गं तोंडातून," ती पुटपुटली. "थांब जरा. सांगते." मला इतका संताप आला होता की मी बिल्ला उलटा लावला आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसले.

स्टेजवर नऊ जणी. जुना बोर्ड पुसून-पासून मागे ठेवला होता आणि समोर गादीची खुर्ची. "ही आमची नव्हे," सात नंबर माइकवर म्हणाली. "पाठ टेकायला मिळाली असती तर आम्ही झोपलोच असतो!" सभागृह हसलं. बोलायला बाई पक्की. मग तिने स्वतःचीच गोष्ट सांगितली. "माझं लग्न ठरलं होतं बरं का. मुलगा घड्याळं दुरुस्त करायचा. गुणी, अबोल. मी म्हटलं, एक तर तू नाहीतर बोर्ड, दोन्ही मिळायचं नाही. बोर्ड घेतला! त्याने दोन वर्षं वाट बघितली बिचाऱ्याने, मग दुसरी केली. काय करणार? नोकरीचं वेडच होतं तसं." टाळ्या पडल्या. आई टाळ्या वाजवत नव्हती. ती स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होती, आणि मला त्या क्षणी पेन्शनचं खोटं लख्ख कळलं. आई सरकारला कधीच घाबरत नव्हती. ती शेजारच्या खुर्चीतल्या मैत्रिणीला घाबरत होती.

तेवढ्यात ती पोरगी उत्साहाने पुढे आली. "आता सगळ्या आजींची मुलं-नातवंडं वर येऊ देत! फॅमिली फोटो!"

कुणी उठलं नाही. पोरीला वाटलं माइक बंद पडला. तिने त्यावर टिचक्या मारल्या आणि पुन्हा म्हणाली, "मुलं कुठे आहेत सगळी?"

सात नंबर हसली. "अगं बाळा, मुलं असती तर आम्ही या बोर्डावर असतो का?"

पोरीचा माइक खाली आला. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. भिंतीवर बारा फलक होते, दोरांची लांबीसुद्धा लिहिली होती, तो नियम एकावरही नव्हता.

आई उठली. मी एवढी वर्षं ज्याची वाट बघत होते ते येताना दिसलं आणि मला एकदम वाटलं, नको. आत्ता नको, सात नंबरसमोर नको. मी मान हलवली. तिने बघितलं नाही.

"माझी आहे," ती माइकशिवाय म्हणाली. "तिसऱ्या रांगेत बसली आहे. भाची नाही ती. माझ्या पोटची आहे."

सभागृहाने कडकडून टाळ्या वाजवल्या. त्यांना तो सोहळ्याचाच भाग वाटला असावा. स्टेजवरच्या बाकीच्या आठ जणींपैकी एकीनेही टाळी वाजवली नाही. मी वर गेले. सात नंबर माझ्याकडे, माझ्या कपाळाकडे, नाकाकडे, हनुवटीकडे बघत होती.

"वय काय गं तुझं?"

"त्रेपन्न."

तिने ओठ हलवून मनातल्या मनात वर्षं मोजली. मग आईकडे वळली. "ती कावीळ."

"हो," आई म्हणाली.

"तुझ्या जागी मी डबल पाळ्या केल्या होत्या."

"हो."

"तेव्हा तो थांबला होता. त्याने लग्न केलं नव्हतं अजून."

"तुला सांगितलं असतं तर तुलाही लपवावं लागलं असतं," आई भराभरा बोलायला लागली. "सुपरवायझर बाईंनी विचारलं असतं, तू अडकली असतीस, तुझीही नोकरी..." मी तिचा दंड धरला. मला तिची कणव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम, आणि कुठला आधी गिळावा ते कळेना. फोटोवाला खालून जवळ जवळ या म्हणून हातवारे करत होता.

सात नंबर भांडली नाही, रडलीही नाही. बाहेरगावचा ट्रंक कॉल जोडून देताना आवाज खाली आणावा तसा तिने आणला, आणि फक्त आम्हा दोघींना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला सांगायचं होतंस गं. मीही खोटं बोलले असते."

खाली फोटोवाल्याने फोटो काढला. मला हवं होतं ते मिळालं होतं.