न घेतलेला प्याला

रूथताई गेली, त्याला आता सहा आठवडे होतील. खालापूरहून तिच्या शेजारच्या वहिनींचा फोन आला तेव्हा मी कर्जतच्या बाजारात मेथी घेत होते. ‘ताई सकाळी उठल्याच नाहीत...’ त्या म्हणाल्या. मला आधी आठवलं काय, तर आज महिन्याचा पहिला शनिवार आणि ताईला डोंगरावरच्या वाडीवर जायचं होतं.

ताई माझी थोरली बहीण, खालापूरजवळ डोंगराखालच्या एका गावात आरोग्य उपकेंद्रावर नर्स. बावीस वर्षांपूर्वी माझ्या साखरपुड्याला निघायच्या घाईत ती दाराला कुलूप लावत होती, तेवढ्यात वाडीवरची बारकी नावाची बाई तापाने फणफणलेल्या आपल्या पोराला, सोमाला, पाठीशी बांधून आली. खांद्यावरची पिशवीही न उतरवता ताईने त्याच्या कपाळाला हात लावला, औषधाची बाटली दिली आणि ‘उद्या आण’ म्हणाली. साखरपुड्यात माझ्या केसांत गजरा तिनेच माळला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सोमा गेला.

‘कर्जतला न्यायला सांगितलं होतं, आईने नेलं नाही, असं लिहा,’ चौकशी झाली तेव्हा वरच्या साहेबांनी सुचवलं. ताईने लिहिलं, ‘मी मुलाला नीट तपासलं नाही. चूक माझी आहे.’ मग ती वाडीवर गेली आणि सगळ्यांसमोर बारकीला म्हणाली, ‘सोमा माझ्यामुळे गेला. मला क्षमा कर.’ बारकी लाकडं फोडत होती, ती फोडतच राहिली.

त्यानंतर दर महिन्याला चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ताई वाडीवर जायची, बारकीच्या दाराशी बसायची, सोमाचं नाव घेऊन तेच म्हणायची आणि परत यायची. ‘येऊ नको म्हण, मी येणार नाही,’ असंही तिने सांगून पाहिलं. बारकी तेही म्हणाली नाही. रविवारी चर्चमध्ये द्राक्षरसाच्या लहान प्याल्यांचा ट्रे आला की ताई प्याला न घेता तो पुढे सरकवायची. पाळकसाहेबांनी समजावलं, देवाने कधीच क्षमा केली आहे. ‘केली असेल,’ ताई म्हणाली, ‘पण पोर बारकीचं होतं.’

मला तिचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? ‘पण तू काय मुद्दाम केलंस का?’ मी वैतागून म्हणायचे. ‘असं पण-बिण म्हणायचं असेल, तर तिकडे जायचंच कशाला गं?’ एवढंच ती म्हणायची. घाई कोणासाठी होती, ते तिने कधीच कोणाला सांगितलं नाही. मीही नाही. बावीस वर्षांत मी एकदाही तिच्याबरोबर गेले नाही.

ताईची माती झाल्यावर, पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी वाडीवर गेले. बारकी आता म्हातारी दिसते. ताई गेल्याचं मी तिला सांगितलं.

‘तुम्ही तिला क्षमा केली होती का?’ मी विचारलं.

‘नाय,’ ती म्हणाली. ‘पर माझ्या सोम्याचं नाव तीच घ्यायची. आता कोन घेनार?’

त्या दिवशीची घाई माझ्यासाठी होती, हे सांगायलाच मी गेले होते. तोंड उघडलं आणि म्हणाले, ‘येते मी.’ उताराच्या वाटेवर हुंदका फुटला, पण मागे फिरले नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये ताईच्या जागेवर कोणी बसलं नव्हतं. ट्रे माझ्यापर्यंत आला. मी तो पुढे सरकवला.