मॅडमचा खोकला

"चला, दुकान उघडा."

सकाळी वॉर्डाच्या दारात उभं राहून, केसांना क्लिप लावता लावता मॅडम हे म्हणायच्या आणि आमचा दिवस सुरू व्हायचा. मंगरूळपीरच्या एका कापड दुकानदाराची मुलगी. एखाद्या नव्या डॉक्टरने ड्युटी कधी संपते असं विचारलं, की त्याच थकलेल्या आवाजात उत्तर यायचं, "हे दुकान बंद होत नाही, बाबा. शटर अर्धं खाली येते, तेवढंच."

वाशीमच्या सरकारी दवाखान्यात मी बालरोगाचं शिक्षण घ्यायला आले, तेव्हा मॅडम मला एक वर्ष सीनियर होत्या. तुम्ही कधी आजारी मूल मांडीवर घेऊन अशा वॉर्डात बसला असाल, तर त्यांच्यासारखं कुणीतरी नक्की पाहिलं असेल. चपला फरफटत चालणारं, बोलता बोलता भिंतीला टेकणारं, पण मुलाच्या हाताची शीर शोधताना मात्र जराही न हलणारं.

मी कोल्हापूरकडची. मॅडमनी माझं नाव कधी घेतलंच नाही. "ए कोल्हापूर, तिकडचा ऑक्सिजन पाहा." सुरुवातीला एका बाईने मला सांगितलं, "मॅडम, पोरगं दूध घेऊन नाही राह्यलं." मी गंभीरपणे विचारलं, "कुठे राहिलं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मॅडम भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, ते कुठी नाही राह्यलं, इथंच हाय बिचारं. दूध पीत नाही म्हणते ते."

घरचे जैन, त्यामुळे त्या दिवस मावळायच्या आत जेवायच्या. म्हणजे जेवायचं ठरवायच्या. गावातल्या मावशीकडून डबा यायचा, झाकण उघडायचं आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी झटके आलेलं मूल घेऊन धावत यायचं. परत येईपर्यंत खिडकीबाहेर अंधारलेलं असायचं. डबा माझ्याकडे सरकवत त्या म्हणायच्या, "खा तू. माझं पुण्य लय वाढून राह्यलं या नोकरीत."

त्या हिवाळ्यात किन्हीराजाकडच्या एका वस्तीवरची मुलगी आमच्याकडे होती. नुकतं चालायला शिकलेलं वय आणि न्यूमोनिया. ऑक्सिजन लावूनही छाती भात्यासारखी हलत होती. दुपारी तिचा बाप हात जोडून उभा राहिला.

"मॅडम, सुट्टी द्या. ऊसतोडीची गाडी निघून राह्यली."

"तुमी जा न, भाऊ. मायले अन् पोरीले राहू द्या."

"एकट्याचा कोयता चालत नाही, मॅडम. जोडी लागते. मुकादम आयकत नाही. पोरीले तितं दाखवतो."

मॅडम त्याच्यावर ओरडल्या नाहीत. त्याला फक्त मुलीजवळ नेलं आणि नळी क्षणभर बाजूला केली. ओठांचा रंग बदलताना त्याने पाहिला. नळी परत लावून त्या म्हणाल्या, "सांगा मुकादमाचा नंबर."

स्वतःच्या फोनवरून त्या मुकादमाशी बोलू लागल्या. "दादा, ही पोरगी गाडीत बसली तं पोचनार नाही. तुमी बाकीच्यायले घेऊन जा, हे मांगून येतीन..." आणि त्यांना खोकला आला. वाकून, पलंगाचा दांडा धरून त्या खोकत राहिल्या. थांबेचना. फोनचा स्पीकर चालू होता. पलीकडच्या माणसाने तो सगळा खोकला ऐकला. मग म्हणाला, "ओ मॅडम, आधी तुमीच औषध घ्या. ठेवा पोरीले. मांगून येऊ द्या त्यायले."

सगळा वॉर्ड हसला. मॅडमही हसल्या. मुलगी बरी झाली. आईच्या कडेवर बसून जाताना तिने मॅडमच्या गळ्यातला स्टेथोस्कोप इतका घट्ट धरला, की तो सोडवायला तिच्या बापाला यावं लागलं.

खोकला मात्र राहिला. मी तपासून घ्या म्हटलं, की त्या म्हणायच्या, "धूळ हाय." मास्क असायचा, पण हनुवटीवर. "तोंड दिसलं नाही तं लेकरं घाबरतात." वजन उतरलं होतं, पण आमचं सगळ्यांचंच उतरलं होतं. थकवा होता, पण तो कुणाला नव्हता? शेवटी एका सकाळी राउंडमध्ये रुमालावर रक्त दिसलं. मी त्यांना जवळजवळ ओढतच एक्स-रेला नेलं.

फिल्म उजेडासमोर धरून त्या नेहमीसारख्या बारकाईने बघत राहिल्या. वरच्या बाजूला बोट टेकवलं. "टीबी आहे, कोल्हापूर." मग खाली बसल्या आणि पहिली गोष्ट बोलल्या ती ही, "मी किती लेकरं कडेवर घेतली असतीन गं?"

त्याच दिवशी आमच्या विभागप्रमुख सरांनी त्यांना घरी पाठवलं. वॉर्डातल्या आणि घरी गेलेल्या मुलांना शोधून तपासणं सुरू झालं. लहानग्यांना खबरदारीचं औषध दिलं. मंगरूळपीरहून रोज फोन यायचा. स्वतःच्या तब्येतीबद्दल विचारलं, की "गोळ्या घेऊन राह्यली" एवढंच. बाकी सगळं मुलांबद्दल. एकेक मूल नीट असल्याचं मी सांगत होते, आणि प्रत्येक फोनच्या शेवटी त्या विचारायच्या, "अन् ती किन्हीराजाची?"

ती सापडत नव्हती. बापाचा फोन बंद होता आणि कुटुंब दूर कुठल्यातरी उसाच्या फडात होतं. मग मला आठवलं, की मुकादमाचा नंबर मॅडमच्याच फोनमध्ये आहे. तो घेऊन मी फोन लावला. दवाखान्यातून बोलतेय म्हटल्यावर त्याने आधी विचारलं, "त्या खोकलनाऱ्या मॅडम कशा हायेत?"

मी खरं सांगितलं. तो म्हणाला, "मी नेतो पोरीले. मीच नेतो." आणि त्याने खरोखरच मुलीला तिच्या आईसकट मोटारसायकलवर बसवून तिकडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. काही दिवसांनी त्याचा फोन आला. छाती साफ होती. पोर खेळत होती.

मी मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, "परत एकदा सांग." मी परत सांगितलं.

उन्हाळा संपत आला तेव्हा त्यांचा औषधांचा कोर्स पूर्ण झाला. एका सुट्टीच्या दिवशी मी एसटीने मंगरूळपीरला गेले. वॉर्डात डॉक्टरांची टंचाई होती आणि सर विचारत होते. त्यांना परत आणायचंच, असं मी ठरवून गेले होते. मॅडम वडिलांच्या दुकानात गादीवर बसून ब्लाउजपीसच्या घड्या घालत होत्या. अंग थोडं भरलं होतं. मला बघून हसल्या.

"कधी येताय?" मी विचारलं.

"शिक्षणाची सीटच सोडली मी. कागद दिले पाठवून."

"पण रिपोर्ट साफ आहे ना? आता कुणाला काही होणार नाही."

"माहीत आहे मले. मीच किती मायांले समजावून सांगतलं हे." त्यांनी एक घडी मोडली, परत घातली. "चहा घेशील?"

मी अजून काही बोलणार, तेवढ्यात एक बाई बाळाला घेऊन दुकानात आली. बाळाच्या नाकाला सर्दी होती. मॅडमनी लांबूनच विचारलं, "ताप हाय का वो, माय? दूध पिते न?" विचारताना त्या उठून उभ्या राहिल्या होत्या आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधलेले होते.

बाई कापड बघायला गादीपाशी येऊन वाकली. कडेवरच्या बाळाने हात लांब करून मॅडमची ओढणी मुठीत पकडली आणि ओढू लागलं. मॅडमनी ती सोडवली नाही. हातही पुढे केले नाहीत. ओढणी ताणलेली तशीच ठेवून त्या उभ्या राहिल्या.