भाऊजींना पाण्याखाली ऐकू येतं

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, डायव्हर आहेत. पाठीवर हवेची टाकी बांधून बंदरात उतरायचं, जहाजांच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, पंख्यात गुंडाळलेले दोर कापायचे, हे त्यांचं काम. मी बोटीवर असतो. दोर धरायचा, हवेवर लक्ष ठेवायचं आणि खालच्या माणसाला वरून सूचना द्यायच्या, ही माझी नोकरी. ताई म्हणते, उंटावरून शेळ्या हाकायची मला लहानपणापासूनच हौस.

भाऊजी माणूस शांत, पण मिश्किल. बाजारात काकडी घ्यायची तरी ती उलटसुलट करून बघतील, नखाने ठोकतील, आणि शेवटी पहिलीच घेतील. पोटात पाप नाही. फक्त त्यांचे कान गेले. पाण्याचा दाब म्हणा, नशीब म्हणा, हळूहळू गेले. कानातलं मशीन आणलं होतं, पण त्यात माणसांपेक्षा भांडीच मोठ्याने ऐकू यायची. ते टेबलाच्या खणात जाऊन पडलं ते पडलंच.

त्यामुळे ताईचं घर म्हणजे भरलेला बाजार. चहा टाकू का, हे ती एवढ्या मोठ्याने विचारते की खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका खिडकीतून 'टाका' म्हणून होकार देतात. आम्ही सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं, ताईनेही. पण एकदा भाजी निवडता निवडता ती मला म्हणाली, "ओरडून काय काय बोलणार रे माणूस? जेवायला या, दार लावा, नळ बंद करा. बाकीचं ओरडून बोलता येत नाही." बाकीचं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. माझंही लग्न झालंय.

मग आमच्या मालकांनी ते बिनतारी यंत्र आणलं. मी नाक मुरडलं. दोराला एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे थांब, यात वर्षानुवर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. नव्या यंत्रात सगळा चेहरा झाकणारा मुखवटा होता, त्यात माईक, आणि पट्ट्याला लावलेली एक चकती, जी कानामागच्या हाडावर घट्ट बसते. बोटीवर माझ्यापुढे एक पेटी, तिचा माईक आणि तिच्यातून पाण्यात सोडलेली लांब वायर; ती भाऊजींना जोडलेली नव्हती, पुढे आवाज पाण्यातूनच जायचा. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोघांनी एकदम बोलायची सोयच नाही. असं यंत्र घरोघरी हवं, असं मला तेव्हाच वाटलं.

पहिल्या दिवशी भाऊजी खाली गेले आणि मी सवयीने बटण दाबून बोंब ठोकली. पेटीतून बुडबुड्यांचा आवाज आला आणि मागोमाग भाऊजी म्हणाले, हळू बोल, मला ऐकू येतंय. मला वाटलं, चेष्टा करतायत. मी आवाज उतरवला. आणखी उतरवला. शेवटी मालकांच्या टकलाविषयी पुटपुटलो, तर खालून खो खो हसू आलं. यंत्र बसवायला आलेल्या माणसाने समजावलं की यात आवाज कानाच्या भोकातून जात नाही, हाडातून थेट आत पोचतो. भाऊजींच्या कानाचं पुढचं दार गंजलं होतं, आतला माणूस जागा होता.

त्या दिवसापासून भाऊजी पाण्याखाली गप्पिष्ट झाले. खरवडता खरवडता मासे कसे बघत बसलेत ते सांगायचे, माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करायचे. पाण्याखाली हवेचा विचार करून, श्वास सांभाळून बोलावं लागतं, म्हणून एकेक वाक्य तोलून यायचं. घरी त्यांनी ताईला सांगितलंही, की खाली मला सगळं स्पष्ट ऐकू येतं. ताईला तो त्यांचा नेहमीचा विनोद वाटला.

एका सकाळी ते चष्मा घरी विसरले आणि तो घेऊन ताई धक्क्यावर आली. बोट धक्क्यालाच बांधलेली होती. मी पेटीपाशी पाय पसरून बसलो होतो आणि भाऊजींशी अगदी खासगी आवाजात गप्पा मारत होतो. ते लगेच उत्तरं देत होते. ताई मागे उभी राहून ऐकत होती. मी वळून बघितलं तर तिचा चेहरा उतरलेला.

"तुझं ऐकू येतं त्यांना," ती म्हणाली. चष्मा माझ्या हातात दिला आणि चालू पडली.

दोर दुसऱ्याच्या हाती देऊन मी मागे धावलो, हाडाचं सगळं पुराण सांगितलं. तिला पटेना. बहिरेपण घरापुरतंच आहे, बायकोचं तेवढं ऐकायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं. रागावली असती तर परवडलं असतं. ती गप्प झाली. ओरडणं बंद. चहाचा कप समोर ठेवायचा, ताट वाढायचं, दिवा मालवायचा, सगळं मुकाट्याने. शिंपीकाकांनी मला वाटेत गाठून विचारलं, वर सगळं बरं आहे ना?

आठवडा असाच गेला. मग एका दुपारी भाऊजी एका मोठ्या जहाजाच्या बुडाखाली होते. काम संपत आलं होतं. खरवडणं थांबवून ते म्हणाले, "एक विचारू? माझे कान आणखी गेलेत. तुझ्या ताईचं आता एक अक्षर ऐकू येत नाही. शेजाऱ्यांचं येतं, रस्त्यावरचा हॉर्न येतो. नेमका तिचाच आवाज का रे जावा?"

मला हसू आलं, ते मी बटण न दाबता हसून घेतलं. संध्याकाळी मी थेट ताईकडे गेलो आणि ते वाक्य जसंच्या तसं तिच्या कानावर घातलं. ती आधी खूप हसली. मग पदराने डोळे पुसले. उद्या बोटीवर येते, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भाऊजी पाण्यात उतरल्यावरच ती आली. खोल काम करून वर येताना डायव्हरला मध्येच काही मिनिटं थांबावं लागतं, नाहीतर अंगाला बाधतं. तेव्हा करायला काहीच नसतं, दोर धरून नुसतं लोंबकळत राहायचं. भाऊजी तिथे येऊन थांबले, आणि मी ताईच्या हातात माईक दिला. बटण कसं दाबायचं ते दाखवलं. अडीअडचणीला उडी मारायला तयार बसलेला आमचा दुसरा डायव्हर लंबू, तो एकाएकी ढग मोजू लागला.

ताईने माईक तोंडाशी धरला. तिची ओरडायची तयारी झाली होती, मला दिसत होतं. मग तिने श्वास सोडला आणि अगदी हळू म्हणाली, "अहो."

खालून बुडबुडेसुद्धा थांबले. मग आवाज आला, "तू?"

"अहो, आई गेली," ताई म्हणाली.

ताईकडेच राहणाऱ्या आमच्या आईला जाऊन वर्ष झालं होतं. त्या सकाळी भाऊजी न्हाणीघरात दाढी करत होते आणि ताईने त्यांना दाराबाहेरून ओरडून सांगितलं होतं. त्यांना कळलं नाही, म्हणून पुन्हा ओरडली. दार उघडेपर्यंत आख्खी इमारत जिन्यात जमली होती. मला फोनवर कळलं होतं, रीतसर, हळू आवाजात. तिला कुणाला तरी तसं सांगायचं राहून गेलं होतं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"सांग," भाऊजी खालून म्हणाले. "मी ऐकतोय."

आणि ती सांगू लागली. आईने शेवटच्या दिवशी केस विंचरून मागितले ते, ताईच्या हाताला हात लावून 'थंडी वाजते का तुला' असं उलट तिलाच विचारलं ते. मला यातलं बरंच ठाऊक नव्हतं. मी दोर हातात धरून समुद्राकडे तोंड केलं. लंबूने नाक शिंकरलं.

आईचं झालं, तरी ताई थांबली नाही. शिंपीकाकांच्या सुनेचे दिवस भरत आलेत, गच्चीवरचं जास्वंद किडलंय, मागच्या आठवड्यात तिला स्वप्नात भाऊजी तरुणपणीच्या मिशांसकट दिसले, आणि त्या मिशा तिला तेव्हाही आवडल्या नव्हत्या. असलं काही ओरडून सांगता येत नाही हे खरंच. मध्ये मध्ये ती बटण सोडायची, तेव्हा खालून हसू ऐकू यायचं.

माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. थांबायची वेळ कधीच टळून गेली होती. पन्नास टक्के टाकी भरलेली असतानाच वर येणारा, आम्हाला हवेवरून फैलावर घेणारा माणूस, आज राखीव हवेला हात घालायला निघाला होता. मी ताईच्या हातून माईक घेतला आणि माझ्या नोकरीच्या आवाजात म्हणालो, भाऊजी, हवा बघा, वर या.

"बघतोय," ते म्हणाले. "अजून आहे थोडी. तू मध्ये बोलू नकोस, माईक तिच्याकडे दे."