जलनेतीनंतरचं बेसिन

गेली नऊ वर्षं दर रविवारी योगवर्गात आम्ही चौदा जण जलनेती करतो. कोमट मिठाचं पाणी एका नाकपुडीतून घालून दुसरीतून काढायचं. पूर्वी मला वर्षाला पाच-सहा वेळा सर्दी व्हायची, आता एखाद्या वेळी होते. फायदा खरा आहे.

आज विसरलेला चष्मा आणायला परत गेलो, तर हॉल झाडणाऱ्या शांताबाई नाकाला पदर लावून बेसिनच्या जाळीतला शेंबूड हाताने काढत होत्या. आम्ही प्रसन्न होऊन घरी जातो, त्यानंतरचं हे काम मी कधी पाहिलंच नव्हतं. मला स्वतःची शिसारी आली.

“द्या, मी काढतो.”

“तुमचं तेवढं काढा साहेब,” त्या हसल्या. “बाकीच्यांचं मी बघते.”

मी वाकून पाहिलं. त्यातलं माझं कोणतं, ते ओळखता येईना.